कानावरचे जानवे

लघुशंकेस जाताना जानवे उजव्या कानावर घ्यावे, हा धडा आम्हांस मुंजीच्या दिवशीच मिळाला. त्या वेळी आमचे वय आठ वर्षांचे होते, आणि नव्या जानव्याचे कौतुक इतके, की कानावर चढवलेले जानवे खाली उतरवण्यास आम्ही हमखास विसरत असू. मग आजोबा हाक मारीत, कानाकडे बोट दाखवीत आणि मिशांत हसत. उजव्या कानाच्या ठायी गंगादी तीर्थांचा वास असतो असे स्मृतिकार सांगतात, हेही त्यांनीच सांगितले. पुढे साठ वर्षांनी हेच जानवे रात्रीतून चार चार वेळा कानावर चढेल, आणि ते उतरवण्याचे भान पुन्हा राहणार नाही, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते. त्यांना ते ठाऊक नसेल असे आता वाटत नाही. रात्री कंदील घेऊन परसात जाणारी त्यांची आकृती आम्हांस स्पष्ट आठवते. ते गोठ्यात गाय पाहून येतात, असे आम्ही मुले समजत होतो. कारण ते तसे सांगत.

प्रस्तुत विषय या मासिकाच्या पानांत शोभेल किंवा नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. देवळाच्या सभामंडपात बसून चाळावयाच्या अंकात मूत्राशयाच्या गोष्टी कशास, असे एखाद्या सोवळ्या वाचकास वाटेल. त्याची क्षमा मागून आम्ही एवढेच म्हणतो, की त्याच सभामंडपात खांबाला पाठ टेकून बसलेल्या वयस्क मंडळींपैकी बरीचशी मंडळी हाच विषय मनात घोळवीत बसलेली असतात. कीर्तनकार उत्तररंगात शिरतात, आख्यान रंगते, आणि यांचे डोळे पुनःपुन्हा दाराकडे वळतात. आम्ही त्यांतलेच एक.

आमची कथा षष्ट्यब्दीच्या शांतीनंतरच्या पहिल्या थंडीत सुरू झाली. रात्री दोनदा उठावे लागू लागले. वाटले, थंडीचे दिवस आहेत. फाल्गुन आला, थंडी गेली, उठणे राहिले. मग आम्ही रात्रीच्या सोलकढीस दोष दिला आणि ती बंद केली. उठणे तीनदा झाले. आमचे घर जुन्या पद्धतीचे. मध्ये राजांगण, चारी बाजूंस पडव्या, आणि न्हाणी पार मागच्या अंगास. अंधारात राजांगणाला वळसा घालून तेथवर जावे, उभे राहावे, आणि वाट पाहावी. ज्या कार्यासाठी एवढी घाई करून उठलो ते कार्य सुरू होण्याचे नाव नसे. सुरू झालेच, तर पाऊस सरल्यावर कौलांवरून पागोळ्या गळाव्यात तसे, थांबून थांबून. परत येऊन अंथरुणाला पाठ लावावी, तो काही राहून गेल्यासारखे वाटावयाचे. देवळात त्रिकाळ पूजा चाले; आमच्या घरी चौकाळ यात्रा सुरू झाली.

अंधारातून सौभाग्यवती विचारीत, "कितें जालें? न्हीद येना?" आम्ही उत्तर देत असू, "मांजर आले होते." त्या काळात आमच्या घरात मांजराने जेवढे उपद्व्याप केले तेवढे कोणत्याही मांजराने जन्मात केले नसतील. आजोबांची गाय आणि आमचे मांजर यांत दोन पिढ्यांचे अंतर असले, तरी गोठा एकच होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

लघुशंका हा आपल्या भाषेतील मोठा सभ्य शब्द. पण ही लहानशी शंका हळूहळू एवढी वाढली, की तिने आमचा सारा दिवस व्यापला. मनुष्याच्या डोक्यात गावाचा एक नकाशा असतो. त्यात देऊळ, तळी, बाजार, सोयऱ्यांची घरे अशी ठिकाणे असतात. आमच्या नकाशातून ही एकेक ठिकाणे पुसली गेली आणि त्यांच्या जागी मुताऱ्या उमटल्या. पणजीस जावयाचे म्हटले, की वाटेत बस कोठे कोठे थांबेल याचा हिशेब प्रथम. लग्नाचे आमंत्रण आले, की कार्यालयाची मागची बाजू डोळ्यांपुढे उभी. मंगेशीस दर सोमवारी पालखी निघते. तिच्यामागून चालण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता, तो सुटला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोस दामोदराच्या अखंड भजनास प्रारंभ होतो. मुलगा तेथेच राहतो, म्हणून आम्ही दरवर्षी जात असू. त्या गर्दीत आपल्याला तातडीने बाहेर पडता येणार नाही या भयाने तेही बंद झाले. बाहेर निघावयाचे असेल त्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणी पिणे सोडले. ही युक्ती आम्हांस फार शहाणपणाची वाटे. झोप अपुरी, शरीर सुकलेले, आणि चित्त सदैव एका ठिकाणी बांधलेले. असा मनुष्य सोबतीला बरा कसा असणार? नातू गोष्ट सांगा म्हणून मांडीवर बसला, तर त्याच्या वजनाने ओटीपोटावर दाब येई आणि आम्ही त्याला खाली उतरवीत असू. काही दिवसांनी तो मांडीवर बसेनासा झाला.

सर्वांत मोठे खोटे आम्ही देवासमोर बोललो. आमच्या गावच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह असतो, आणि प्रत्येक वाड्याचा पार ठरलेल्या प्रहरी उभा राहतो. आमच्या वाड्याकडे मध्यरात्रीनंतरचा पार. तीस वर्षे त्या पारात आम्ही अभंग म्हटले होते. पेटीच्या साथीला तेवढीच वर्षे एकच गृहस्थ. आमच्या श्वासाची जागा त्यांच्या बोटांना पाठ होती. बासष्टाव्या वर्षी आम्ही कळवले, की घसा बसला आहे, यंदा जमणार नाही. घसा उत्तम होता. पुढच्या वर्षी पुन्हा घसाच बसला. त्याच सुमारास पेटीवाले गृहस्थही येईनासे झाले. आम्ही गाणे सोडले याचा त्यांना राग आला असावा, असा तर्क करून आम्ही मनात खंतावलो, आणि रस्त्यात भेट होण्याचे टाळू लागलो. तेही टाळू लागले. एका वाड्यात राहणारी, एकमेकांच्या घरचे पाणी पिऊन वाढलेली दोन माणसे अशी परकी झाली.

त्यावर कळस एका महाशिवरात्रीस झाला. लघुरुद्राचे यजमानपद आमच्याकडे होते. अकरा ब्राह्मण आवर्तनांस बसलेले, आम्ही मुकटा नेसून पाटावर. सहाव्या आवर्तनाच्या सुमारास ती ओळखीची निकड आली. सातवे कसेबसे काढले. आठव्यास उठलो, चौकातून बाहेर पडेपर्यंत धीर धरला, आणि पायरीवर तो सुटला. मुकट्यावर चार थेंब पडले असतील नसतील. कोणाच्या दृष्टीस पडले असण्याचा संभव नव्हता. पण आम्ही ते पाहिले होते. या अपवित्र देहाने परत त्या पाटावर बसावे कसे? आम्ही तळीच्या बाजूने आडवाटेने घरी गेलो, आणि मुलास निरोप धाडला, की चक्कर आली, तू बैस. त्या दिवसापासून देवळाच्या पायऱ्या आम्ही खालूनच पाहिल्या. घरी पोथी वाचावयाची, घरच्या देवांवर पाणी घालावयाचे, आणि आपल्याला आता एकान्त प्रिय वाटू लागला आहे असे लोकांस सांगावयाचे. लोक त्यास वैराग्य म्हणू लागले. आम्ही ते नाकारले नाही. आमच्या अपराधांत हा अपराध आम्ही वरच्या जागी मोडतो.

सहासष्टाव्या वर्षी कार्तिकात सर्दी झाली. औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणवल्या आणि दिवसातून तीन घेतल्या. रात्री दहानंतर एक थेंबही उतरेना. बारा वाजले, दोन वाजले. ओटीपोट दगडासारखे टणक झाले, आणि अशी वेदना सुरू झाली, की जिचे वर्णन करण्याची इच्छा होत नाही. सौभाग्यवती उठून बसल्या. त्या वेळी मात्र मांजराचे नाव तोंडातून निघेना. पाच वर्षांची हकीकत पाच वाक्यांत सांगून झाली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारच्या मुलास उठवून त्यांनी मोटार काढावयास लावली.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मूत्रमार्गातून नळी घातली. लाजेने आम्ही डोळे मिटून घेतले होते. पिशवीत लिटरभराच्या आसपास मूत्र उतरले, आणि देहाला जी विश्रांती मिळाली तीपुढे लाज वगैरे सर्व विरघळून गेले. बाईंनी विचारले, "आजोबा, हा त्रास किती दिवसांचा?" आम्ही सांगितले, "पाच वर्षांचा." त्यांनी वर पाहिले, आणि काही न बोलता कागदावर लिहून घेतले. त्यांच्या त्या न बोलण्याने आम्हांस जेवढे बोल लागले तेवढे कोणाच्या रागावण्याने लागले नसते.

पुढे पणजीच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी आम्हांस जे समजावून दिले, ते येथे देतो. कारण हे आम्हांस साठाव्या वर्षीच कळले असते तर वरील कित्येक परिच्छेद लिहावे लागले नसते. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वजनाने सुमारे २० ग्रॅम असते. मूत्रमार्ग तिच्या पोटातून जातो. चाळिशीनंतर ती बहुतेक पुरुषांत वाढू लागते, आणि वाढताना आतल्या नळीस आवळते. आमची ५८ ग्रॅमपर्यंत गेली होती. अरुंद झालेल्या वाटेतून मूत्र लोटण्यासाठी मूत्राशयाचा स्नायू जोर करतो. जोर करून तो प्रथम जाड होतो, हट्टी होतो, थोडे मूत्र साचले तरी आक्रोश करतो; पुढे तो थकतो, आणि काही मूत्र आत तसेच शिल्लक राहू लागते. या साचलेल्या मूत्रातून जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, आणि फार दिवस दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडांसही इजा पोहोचते. पाणी तोडण्याची आमची शहाणपणाची युक्ती उलटीच होती, कारण दाट मूत्र मूत्राशयास अधिक डिवचते. आणि त्या रात्रीचा घात सर्दीच्या गोळ्यांनी केला होता. नाक मोकळे करणारे त्यांतले द्रव्य मूत्राशयाच्या मुखाचे स्नायू आवळते, आणि शिंका थांबवणारे द्रव्य मूत्राशयाचा जोर कमी करते. या वयाच्या पुरुषाने अशा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आमच्या मनात जो शब्द चार वर्षे दडून होता तो आम्ही तेथे उच्चारला. डॉक्टरांनी सांगितले, की ही वाढ कर्करोग नव्हे, आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र तो रोग याच ग्रंथीस, याच वयात होऊ शकतो, आणि दोहोंची लक्षणे काही वेळा सारखी दिसतात. म्हणून बोटाने तपासणी, रक्तातील पीएसएची परीक्षा आणि सोनोग्राफी करून खात्री करून घ्यावी लागते. आमची खात्री झाली. लघवीतून रक्त गेले, जळजळ झाली वा ताप आला, तर मात्र एक दिवसही घरी बसू नये, असे त्यांनी बजावले.

घरी आल्यावर जुन्या वैद्यकग्रंथांत डोकावलो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील वाताष्ठीला हा मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये उठणाऱ्या, गोट्यासारख्या टणक गाठीचा विकार. त्याने मूत्र अडते, पोट फुगते आणि वेदना होतात. आमची कार्तिकातील ती रात्र त्या वर्णनात जशीच्या तशी सापडली. ज्या विकारास आमच्या पूर्वजांनी ग्रंथात नाव देऊन जागा दिली, त्याचे नाव उच्चारण्याची आम्हांस मात्र लाज वाटली.

डॉक्टरांपाशी एक प्रश्नावली असते. १९९२ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने ती सिद्ध केली, आणि आता ती जगभर चालते. सात प्रश्न असतात. गेल्या महिन्यात मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्यासारखे किती वेळा वाटले, दोन तासांच्या आत पुन्हा किती वेळा जावे लागले, धार किती वेळा तुटली, निकड आवरणे कितपत कठीण गेले, धार किती बारीक झाली, किती जोर करावा लागला, आणि रात्री किती वेळा उठावे लागले. प्रत्येकास शून्यापासून पाचपर्यंत गुण. सातापर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण जास्त गुण मिळाल्याचे वाईट वाटण्याचा प्रसंग हा पहिलाच. आम्हांस चोवीस मिळाले.

त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आणखी एक प्रश्न आहे. त्याचे गुण या बेरजेत धरीत नाहीत." आठवा प्रश्न असा होता, की आज जशी स्थिती आहे तशीच उरलेल्या आयुष्यात राहिली, तर तुम्हांस कसे वाटेल? आनंद वाटेल येथपासून असह्य होईल येथपर्यंत, शून्य ते सहा अशा पायऱ्या. आम्ही सवयीने उत्तर दिले, "चालेल. वयच झाले आता. दोन लिहा." त्यावर इतका वेळ गप्प बसलेल्या सौभाग्यवती पुढे झाल्या आणि डॉक्टरांस म्हणाल्या, "चार वर्सां जालीं, हांणी एक अभंग म्हणूंक ना. पांच बरयात."

डॉक्टरांनी पाच लिहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. पहिल्या सात प्रश्नांत आमच्या मूत्राशयाची झडती होती. या आठव्यात आमच्या जगण्याची झाली. आम्ही चार वर्षे घसा बसल्याचे सांगत होतो, आणि घरात एक माणूस न गायिलेले अभंग मोजीत बसले होते. रोगाने आमच्याकडून रात्रीची थोडी झोप घेतली होती. बाकीचे सारे, पालखी, सप्ताह, नातू, मित्र, देऊळ, आम्ही आपल्या हाताने देऊन टाकले होते, केवळ एक गोष्ट सांगावी लागू नये म्हणून.

उपचारांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. नळी चार दिवसांनी काढली. टॅमसुलोसिन जातीची एक गोळी ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करते. तिचा गुण थोड्या दिवसांतच येतो. मात्र ती घेतल्यावर झटकन उठल्यास घेरी येते, म्हणून आम्ही अंथरुणावर क्षणभर बसून मग उठतो. दुसरी गोळी ग्रंथी हळूहळू लहान करते, आणि तिला सहा महिने तरी द्यावे लागतात. ती चालू असता पीएसएचा आकडा निम्म्यावर उतरतो, हे रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांस ठाऊक असावे लागते. याच सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. पहिल्या गोळीने डोळ्यातील बुबुळाचा पडदा ढिला पडतो, हे २००५ पासून वैद्यकास माहीत आहे. म्हणून नेत्रतज्ज्ञांस तिच्याविषयी आधीच सांगावे लागते. तेही सांगितले. आता लपवण्याचा कंटाळा आला होता. गोळ्यांनी भागले नाही, तर मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया असते. आमच्यावर अद्याप ती वेळ आलेली नाही; आली तर भय वाटणार नाही. दिवसा पाणी भरपूर पितो, सायंकाळी सहानंतर बेताने. रात्रीचा चहा सोडला. एकदा लघुशंका झाली, की क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. आता रात्री एकदा, फार तर दोनदा उठावे लागते. न्हाणीच्या वाटेवर मुलाने मंद दिवा लावून दिला आहे, आणि घरातील मांजरास विश्रांती मिळाली आहे.

राहिले ते देऊळ. आमच्या देवळाचे भटजी वयाने आमच्याहून लहान, पण अध्ययनाने मोठे. एका संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन महाशिवरात्रीची ती गोष्ट त्यांच्या कानी घातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "मास्तर, शास्त्राने स्नाने सात सांगितली आहेत. पाण्याने करावयाचे ते त्यांतले एक. भस्माचे आहे, मंत्राचे आहे, आणि नुसत्या मनाने करावयाचे मानसस्नानही आहे. ही कोणासाठी सांगितली? आतुरासाठीच ना? ज्याचा देह त्याच्या स्वाधीन नाही, त्याला वाट ठेवण्यासाठीच. तुम्ही मला खूण केली असती, तर उठून जावयाचे, हातपाय धुवायचे, वस्त्र बदलायचे, आचमन करून परत आसनावर बसायचे. आवर्तने थांबत नाहीत." थोडे थांबून ते कोकणीत म्हणाले, "देवाक सगळें कळटा." आणि मग हसून पुढे, "म्हणांसकाळ आम्हांलाही थोडे कळू द्यावे."

त्या धीरावर आम्ही महाजनांच्या सभेत एक विषय मांडला. आमच्या देवस्थानचे स्वच्छतागृह अग्रशाळेच्या मागे, दगडी पायऱ्या उतरून, झाडीत. रात्री तेथे दिवा नसे, आणि पावसात पायऱ्यांवर शेवाळ. इतर कामे या सदराखाली अध्यक्षांनी विचारले, तेव्हा आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो, "मला प्रोस्टेटचा विकार आहे. मला एका तासाहून अधिक बसवत नाही. माझ्यासारखे आणखी असतील. सभामंडपापासून जवळ, पायऱ्या नसलेले आणि उजेड असलेले एक स्वच्छतागृह व्हावे." सभेत शांतता पसरली. एवढ्यात सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत गावात ज्यांचा सर्वांना धाक, ते वृद्ध गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "आत धरायला दांडाही बसवा. पाय घसरतो." ठराव एकमताने मंजूर झाला.

इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांनी जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, आपल्याला हाच विकार असून त्यावर उपचार घेणार असल्याचे जाहीर करविले. इतर पुरुषांनीही तपासून घ्यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर तिकडील कितीतरी पुरुष या विकाराची माहिती शोधू लागले. राजाचे बोलणे राज्यभर ऐकू जाते. आमच्यासारख्या निवृत्त मास्तराचे बोलणे वाड्यापुरते. पण त्या वाड्यात एक घर होते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पेटीवाले गृहस्थ आमच्या दारी उभे राहिले. चार वर्षांनी. वसरीवर बसले, पाणी मागून घेतले, प्याले. मग खाली पाहत म्हणाले, "मास्तर, तुम्ही कोणते डॉक्टर केलेत?" दोघांनीही काही क्षण एकमेकांकडे पाहिले, आणि मग आम्हांस हसू आवरेना. हसता हसता ते उठले, आणि घाईने मागील दाराकडे वळले. आम्ही बोटाने न्हाणीची वाट दाखवली. त्यांचा विकार आमच्याहूनही पुढे गेलेला निघाला. मूत्रपिंडांवर ताण पडू लागला होता. दोन महिन्यांनी त्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. आणखी वर्षभर ते असेच राहिले असते तर काय झाले असते, याविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते त्यांनी एकदाच आम्हांस सांगितले, आणि पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही.

गेल्या श्रावणात मध्यरात्रीनंतरच्या पारात आमच्या वाड्याची मंडळी उभी राहिली. पेटी दाराजवळच्या खांबाशी ठेवली होती. ती तेथे का, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी विचारले नाही. घसा खरोखरच थोडा बसला होता, इतक्या वर्षांनी त्याला काम पडले म्हणून. दुसरा अभंग संपताच आम्ही टाळ खाली ठेवले आणि हळूच बाहेर पडलो. नव्या स्वच्छतागृहाचा दिवा पावसात पिवळा दिसत होता. परत येताना हातपाय धुतले, आचमन केले, आणि आपल्या जागी उभे राहिलो. पेटीवाल्यांनी सूर धरूनच ठेवला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पेटीवरचा एक हात क्षणभर उचलला, आणि हसत आपल्या उजव्या कानाकडे बोट केले. जानवे तसेच वर राहिले होते.